साडेसहा तास कुठे गेले? टूर डिव्हाइडच्या तयारीचा एक प्रकरण अभ्यास

टूर डिव्हाइड ही सायकल शर्यत कॅनडातल्या बॅन्फहून सुटते आणि अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्स नाक्यावर संपते. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. वाट बहुतेक कच्ची: खडी, जंगलातले मातीचे रस्ते, खाणींच्या काळातले जुने मार्ग, अधूनमधून निव्वळ पायवाट. दर वर्षी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सगळे एकत्र निघतात. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, मागे मदतीची गाडी नाही. लागेल ते स्वतः वाहायचं, किंवा वाटेत कुणालाही मिळेल अशा दुकानातून, मुक्कामाच्या जागेतून घ्यायचं. ओळखीच्या माणसाने आधी ठरवून मदत करायची नाही. दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने चालवायचं नाही. वाट सोडली, तर जिथे सोडली तिथूनच पुन्हा सुरू करायची. आणि बॅन्फला सुरू झालेलं घड्याळ सीमेवरच थांबतं. तुम्ही झोपा, जेवा, पंक्चर काढा, ते चालूच असतं.

पुढचं सगळं प्रकरण या घड्याळाचंच आहे.

रायडर आणि तिचं उद्दिष्ट

ती ४१ वर्षांची. पूर्णवेळ नोकरी, घर आणि सायकल असं तिन्ही सांभाळणारी. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांच्या वर्तुळात मुरलेली. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर एकाच हंगामात पूर्ण करून मिळणारा एसआर (सुपर रँडोनर) किताब तिच्याकडे एकाहून अधिक वेळा आलेला, आणि १,२०० किलोमीटरची एक ब्रेव्हेही वेळेत संपवलेली. डांबरी रस्त्यावर ती घड्याळासारखी चालते. वजन ६० किलो, तासभर टिकवता येईल अशी ताकद १८५ वॅटच्या आसपास. उद्दिष्ट होतं २४ दिवसांचं, म्हणजे रोज साधारण १८३ किलोमीटर.

हे उद्दिष्ट अवास्तव नव्हतं. माइक हॉलने २०१६मध्ये ही शर्यत १४ दिवसांच्या आत संपवली. लेल विल्कॉक्सने २०१५मध्ये एकटीने केलेल्या प्रयत्नात हेच अंतर १५ दिवस ११ तासांच्या आत कापलं. हे लोक वेगळ्याच जातकुळीचे. पण तीन ते चार आठवड्यांत पोहोचणारे पुष्कळ असतात आणि तिची पायांची ताकद त्यांच्यापेक्षा कमी नव्हती.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न होता ताकद कशी वाढवायची हा. मी म्हटलं, आधी एकदा सगळं सामान लादून तीन दिवस कच्च्या वाटेवर जाऊन ये. जीपीएसची फाइल जशीच्या तशी दे, आणि प्रत्येक थांब्याला फोनवर एका वाक्यात कारण बोलून ठेव. कारण कितीही क्षुल्लक असलं तरी बोलायचं.

पहिली चाचणी आणि थांब्यांची वही

तीन दिवसांत साडेचारशे किलोमीटर करायचे होते, चारशेही झाले नाहीत. दुसरा दिवस सर्वांत बोलका होता, म्हणून तोच उलगडून सांगतो. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी निघाली, रात्री ९.४० ला थांबली. एकूण साडेसोळा तास. चाकं फिरत होती फक्त १० तास. सरासरी १४ किलोमीटर धरून अंतर झालं १४०.

म्हणजे साडेसहा तास सायकल उभी होती, आणि यात झोप धरलेलीच नाही.

तिला स्वतःला विचारलं तर तिचा अंदाज होता "तीन तास, फार तर साडेतीन." हा फरक मला नवा नाही. पाच मिनिटांचा थांबा माणसाच्या लक्षात राहत नाही, आणि असे थांबे दिवसात चाळीस होतात. तिच्या आवाजातल्या नोंदी आम्ही दोघांनी बसून ऐकल्या आणि फाइलशी जुळवल्या. खाणं आणि पाणी भरणं यात २ तास १० मिनिटं गेली होती. सामान शोधणं, काढणं, परत बांधणं यात १ तास २० मिनिटं. हात झटकणं, मान मोकळी करणं, पाठ सरळ करणं, १ तास ५ मिनिटं. कपडे चढवणं-उतरवणं ३५. दुरुस्ती ३०. वाट तपासणं २५. आणि उरलेल्या २५ मिनिटांच्या नोंदींत तिने प्रामाणिकपणे म्हटलं होतं, "काही नाही, नुसती बसलेय."

आता गणित बघा. रोज १८३ किलोमीटर १४च्या वेगाने कापायला १३ तास लागतात. पाच टक्के वेग वाढवला, म्हणजे १४.७ केला, तर दिवसाला ३७ मिनिटं वाचतात. चढावर पाच टक्के वेग म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त ताकद, आणि सपाटीवर वाऱ्यामुळे त्याहून बरीच जास्त. चाळिशीतल्या, आधीच नियमित सराव करणाऱ्या रायडरला ही वाढ मिळवायला एक अख्खा हंगाम लागू शकतो. उलट, साडेसहातले दोन तास वाचवायला कुठलाही स्नायू वाढवावा लागत नाही. फक्त तो सराव कुणी करत नाही, कारण तो सराव आहे असं कुणाला वाटतच नाही.

यात ब्रेव्हेच्या सवयीचाही वाटा होता. ब्रेव्हेत थांबे कंट्रोल पॉइंट ठरवतात. तिथे पोचलं की शिक्का, खाणं, पाणी, गप्पा, आणि मग निघणं. ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. एक रात्र जागून काढली की भागतं. बहुतेक वेळ डांबरी रस्ता आणि जवळपास वस्ती. या सगळ्यामुळे रायडर चिवट होतो, पण आपला थांबा आपण आखायची सवय त्याला लागत नाही. टूर डिव्हाइडवर कंट्रोल पॉइंट नाहीत.

तेव्हा ठरलं की सरावाचं वेळापत्रक या वहीतून काढायचं. प्रत्येक थांब्याला विचारायचं: हा का झाला, आणि तो होऊ नये म्हणून काय बदलावं लागेल? उत्तर कधी सायकलमध्ये सापडलं, कधी शरीरात, कधी पिशवीच्या चेनमध्ये.

सायकल

तिच्याकडे ४० मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल बाइक होती. पुढे ४० दात्यांची चेनरिंग, मागे सर्वांत मोठं चक्र ४२ दात्यांचं. रायडर, सायकल आणि सामान मिळून ८१ किलो धरू. दहा टक्के चढावर, मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारायचे तर या गिअरवर वेग होतो ताशी साडेसात किलोमीटर आणि त्याला लागतात सुमारे १९० वॅट. तिची तासाभराची कमाल आहे १८५. म्हणजे प्रत्येक खडा चढ तिच्यासाठी शर्यतीचा शेवटचा टप्पा ठरत होता, आणि माथ्यावर पोचली की ती थांबायची. वहीत ते "मान मोकळी करणं" म्हणून आलं होतं. खरं कारण गिअर होतं.

तिने माउंटन बाइक घेतली, २९ इंची चाकं आणि २.२ इंची टायर. पुढे ३० दात्यांची चेनरिंग, मागे १० ते ५१ दात्यांच्या चक्रांची कॅसेट. त्याच चढावर, त्याच ६० फेऱ्यांना वेग आता ताशी पाच किलोमीटरच्या जरा खाली, आणि ताकद लागते सुमारे १२५ वॅट. हे तासन् तास चालू शकतं. सर्वांत जड गिअरवर ९० फेऱ्यांना वेग ३७ किलोमीटर मिळतो; त्यापुढे उतारावर पेडल मारायची गरजच नसते. "डांबरी रस्त्यावर मागे पडेन" ही तिची भीती होती. पडेल थोडी. पण या मार्गावर डांबर कमी आहे, आणि गुडघे २४ दिवस टिकवायचे आहेत.

टायर ट्युबलेस केले. हवा ग्रॅव्हल बाइकच्या जवळजवळ निम्मी, पुढे १८ आणि मागे २१ पीएसआय. खडीवर दणके कमी बसले की हात कमी बधिर होतात, पिशव्या कमी सुटतात, स्क्रू कमी ढिले होतात. बाटलीच्या स्टँडचे आणि बुटाच्या क्लीटचे (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक, लावून बसवले. पहिल्या चाचणीतल्या दुरुस्तीच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं एका हरवलेल्या स्क्रूने खाल्ली होती. दुरुस्तीच्या पिशवीत प्लग, एक ट्यूब, टायरची बाजू फाटली तर शिवायला जाड सुई आणि दोरा, चेनच्या दोन कड्या, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा भाग, म्हणजे डिरेलर, ज्यावर बसतो ती पट्टी) आणि ब्रेकचे दोन जोड पॅड. पॅड धातूमिश्रित, कारण ओल्या चिखलात रेझिनचे पॅड एका दिवसात संपू शकतात.

विजेचं गणित बऱ्याच जणांचं इथे चुकतं. चाकातला डायनॅमो साधारण तीन वॅट देतो, पण तो वेग असेल तेव्हा. ताशी दहा-बाराच्या खाली फोन किंवा पॉवर बँक चार्ज होण्याइतकं काही हाती लागत नाही, आणि लादलेली सायकल लांब चढावर याच वेगात असते. म्हणून डायनॅमो दिव्यासाठी, आणि फोन-जीपीएससाठी पॉवर बँक. ती वस्तीत जेवताना भरायची. शिवाय पूर्ण मार्ग फोनमध्ये ऑफलाइन.

हात

पहिल्या चाचणीच्या तिसऱ्या दिवशीचा एक प्रसंग तिने सांगितला. खाण्याचं पाकीट हातात होतं, भूक लागलेली, आणि चिमटीत धरून ते फाडता येईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबत होती, पण जोरच येत नव्हता. शेवटी दातांनी फाडलं. नंतर पिशवीची चेन लावताना तेच. दहा सेकंदांचं काम दीड मिनिटाचं झालं, आणि असं दिवसात कितीतरी वेळा.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाच्या हाडांमधल्या एका अरुंद खोबणीतून अल्नर नर्व्ह जाते. हँडलवर तासन् तास भार पडला आणि वरून खडीचे हादरे बसले की ती दबते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. याच मज्जातंतूवर चिमटीला जोर देणारा स्नायूही अवलंबून असतो, म्हणून प्रकरण बधिरतेवर थांबत नाही, हाताची ताकद जाते. लांब पल्ल्याच्या रायडरना ब्रेक दाबायला दोन्ही हातांची सगळी बोटं वापरावी लागतात ती यामुळे. आराम मिळाल्यावर बहुतेकांची बोटं पूर्ववत होतात, पण त्याला आठवडे लागू शकतात. बधिरता ही केवळ गैरसोय आहे असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबता न येणं हा अपघात आहे, जो अजून झालेला नाही इतकंच.

हँडल तीन सेंटिमीटर वर घेतलं आणि मागे वळलेला बार बसवला, म्हणजे मनगट सरळ राहतं. सॅडलचं टोक खाली झुकलेलं होतं, कारण नाजूक जागी दाबलं जायचं म्हणून तिने स्वतःच ते झुकवलं होतं. त्यामुळे शरीर पुढे घसरून सगळा भार हातांवर येत होता. सॅडल बदललं, सपाट केलं. फोमच्या जाड ग्रिप घातल्या. आणि एअरोबार, म्हणजे हँडलवर पुढे जोडायच्या दांड्या, लावले, ज्यांच्याबद्दल तिची ठाम समजूत होती की ते वेगासाठी असतात. इथे त्यांचं काम वेगळं आहे: सपाट, सरळ रस्त्यावर कोपरांवर टेकून तळहातांना पूर्ण सुट्टी देणं. तासातली दहा-पंधरा मिनिटं जरी अशी मिळाली तरी फरक पडतो. शिवाय आठवड्यातून दोनदा पुश-अप, प्लँक आणि जमिनीवरून वजन उचलण्याचे व्यायाम. पाठीने आणि पोटाने धड उचलून धरलं नाही तर ते हातांना उचलावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक गिअरचा विषय निघाला. बोटांत जोर नसताना बटण दाबणं सोपं, हे खरं. पण केबल तुटली तर ती रस्त्याच्या कडेला बदलता येते, आणि तिला ती बदलता येते. तिने केबलच ठेवली आणि मला तो निर्णय पटला.

अंधारातला सराव

वहीतला दुसरा मोठा आकडा होता सामानाचा: १ तास २० मिनिटं. तिच्या पिशव्या चांगल्या होत्या, पण त्यांत वस्तू कुठे ठेवायची याचा नियम नव्हता. पाऊस आला की रेनकोट सॅडलबॅगच्या तळाशी, झोपायच्या पिशवीखाली.

आम्ही एक साधी फेरमांडणी केली. जे चालवताना लागतं ते हँडलवरून हात पोचेल तिथे: खाणं, सनस्क्रीन, फोन, पातळ जॅकेट. जे दिवसात एकदोनदा लागतं ते फ्रेमबॅगमध्ये: पावसाचे कपडे, हत्यारं, पाणी गाळायचा फिल्टर. जे फक्त रात्री लागतं ते मागे. एकदा जागा ठरली की बदलायची नाही, अगदी दुसरी जागा सोयीची वाटली तरी.

आणि मग तालीम. आठवड्यातून एकदा, कामावरून दमून आल्यावर, दिवे घालवून, फक्त कपाळावरच्या दिव्यात: सायकल उभी कर, चटई फुगव, बिव्ही (तंबूऐवजी वापरायची झोपायची जलरोधक पिशवी) पसर, रजई आत सार, ओले कपडे बदल, आत शिर. मग उलटं सगळं आवरून निघायला तयार. सुरुवातीला झोपायची तयारी करायला वीसेक मिनिटं लागत आणि आवरायला पस्तीस. काही आठवड्यांत ते सात आणि बारावर आलं. पाऊस असेल त्या दिवशी बाहेर. जाड हातमोजे घालून. एकदा मुद्दाम पाच तास सायकल चालवून झाल्यावर, हात थरथरत असताना.

खाण्याचाही असाच सराव झाला. ब्रेव्हेत ती जेल आणि पावडरवर चालायची. लांब मार्गावर मिळतं ते पेट्रोल पंपाच्या दुकानात जे असेल ते: कोरडं, खारट, तळलेलं, गोड. लादलेल्या सायकलवर दिवसाचे बारा-तेरा तास गेले की शरीर खातं त्यापेक्षा कितीतरी जास्त जाळतं. तूट राहणारच, ती कमी ठेवायची. त्यामुळे दर आठवड्याच्या लांब राइडला तिने दुकानातल्या फळीवरचंच खायचं, चालवता चालवता, एका हाताने. पोटाला सवय लागते. बसून जेवण दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

पाण्याचं नियोजन जास्त गंभीर होतं. वायोमिंगमधलं ग्रेट डिव्हाइड बेसिन हे असं खोरं आहे की तिथे पडलेलं पाणी ना अटलांटिकला जातं ना पॅसिफिकला. अटलांटिक सिटी या छोट्या वस्तीपासून रॉलिन्स गावापर्यंत सुमारे २०० किलोमीटर दुकान नाही, सावली नाही, पाणी मोजक्या ठिकाणी. तिथे सहा-सात लिटर वाहायची सोय हवी. म्हणून दोन घडीच्या बाटल्या रिकाम्या नेल्या. फिल्टरबद्दल एकच सूचना, पण ती मोडायची नाही: तंतूंचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि रात्री गोठला की आतून फुटतो, वरून काही कळत नाही. थंडीच्या रात्री तो अंगाशी घेऊन झोपायचं.

दुसऱ्या चाचणीसाठी तीच वाट, तीच दिशा घेतली. दुसऱ्या दिवशीचे साडेसोळा तास या वेळी असे पडले: चाकं फिरली साडेबारा तासांच्या वर, थांबे ३ तास ५० मिनिटं, अंतर १८०. चालतानाचा सरासरी वेग १४.२. वेग जवळजवळ तोच आहे हे लक्षात घ्या. चाळीस किलोमीटर जास्त आले ते उभ्या सायकलीतून.

झोप, पाऊस आणि खिशातलं कार्ड

पायांच्या सरावाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आठवड्याला दहा ते चौदा तास, शनिवार-रविवार लागोपाठ लांब राइड, आणि एक गोष्ट नवी: लादलेली सायकल चढावर ढकलणं. सुरुवातीच्या टप्प्यातच कोको क्लेम्स नावाचा दगडांचा चढ आहे, तिथे जवळजवळ सगळेच उतरून ढकलतात. ढकलायला पोटऱ्या आणि टाचेमागची शीर वेगळ्या रीतीने ताणली जाते, आणि ज्यांनी कधी ढकललेलं नाही त्यांची टाच तिसऱ्या-चौथ्या दिवशी धरते.

झोपेवर मात्र आमचा बराच वाद झाला. तिला रोज साडेतीन तास पुरतील असं वाटत होतं, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या अनुभवावरून. दोन दिवसांचं जागरण आणि तीन आठवड्यांची तूट या वेगळ्या गोष्टी आहेत. १९९७मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. दमलेला रायडर हळू चालवतोच, पण त्याहून जास्त वेळ तो थांब्यांत घालवतो: पिशवी उघडतो आणि कशाला उघडली ते आठवत नाही, चुकीच्या वळणाने दोन किलोमीटर जातो, दुकानात फळीसमोर उभा राहतो. पहिल्या चाचणीत ती "नुसती बसलेय" असं म्हणाली ते सगळे थांबे दुपारनंतरचे होते. शेवटी साडेपाच तासांवर ठरलं.

अस्वलांचा मुद्दा झोपेशीच जोडलेला आहे. कॅनडा, मोंटाना आणि वायोमिंगचा उत्तर भाग हा ग्रिझलींचा प्रदेश. स्प्रे हात पोचेल तिथे, आणि तो विमानात नेता येत नाही, तिथेच घ्यायचा. संध्याकाळचं खाणं एका जागी आणि झोप तासभर पुढे, म्हणजे खाण्याचा वास झोपायच्या जागी राहत नाही. उरलेलं खाणं दूर टांगायचं. यात दहा मिनिटं जातात. ती जाऊ द्यायची.

मग पावसाच्या विजारीची गोष्ट. वजन कमी करताना तिने ती काढली होती. मी ती परत ठेवायला लावली, आणि यावर मी हटून बसलो. २०२२मध्ये शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात थंड पाऊस आणि बर्फाने अनेक रायडरना गाठलं आणि बचाव पथकांना त्यांना बाहेर काढावं लागलं. उणे दहाची कोरडी थंडी सोसता येते. दोन-तीन अंशांचा पाऊस, त्यात तासाभराचा उतार, आणि अंगात ओलं लायक्रा हे जास्त घातक, कारण उतारावर शरीर उष्णता निर्माण करत नाही आणि वारा होती नव्हती ती काढून घेतो. विजार, हातमोज्यांवरचं जलरोधक कवच आणि टोपी असलेलं खरं रेन जॅकेट, हे वजन न मोजता न्यायचं.

शेवटी एक कार्ड केलं, प्लॅस्टिकमध्ये बंद, वरच्या पिशवीत. ताज्या डोक्याने घेतलेले निर्णय दमलेल्या डोक्यासाठी. वस्तीत चाळीस मिनिटं: आधी पाणी आणि चार्जर, मग खरेदी, मग खाणं. लागोपाठ दोन चुका झाल्या, म्हणजे वळण चुकलं आणि वस्तू पडली, तर वीस मिनिटं डोळे मिटायचे, वेळ कुठलीही असो. शर्यत सोडायचा विचार रात्री आला तर खा, झोप, आणि उजेडात दहा किलोमीटर चालवल्यावर ठरव. चिखल चाकात भरला तर पेडल मारायचं नाही, उतरायचं.

वाटेवर काय झालं

चिखलाच्या ओळीने तिची शर्यत वाचवली. मोंटानात दुपारी पाऊस झाला आणि रस्त्याची चिकणमाती काही मिनिटांत चाकाला अशी धरली की फ्रेम आणि टायरमध्ये बोट जाईना. अशा मातीत जोर लावला की डिरेलर चाकात ओढला जातो आणि हँगरसकट तुटतो. तिच्या पुढे एक रायडर नेमका तेच करून बसला होता. ती उतरली, कडेच्या गवतातून सायकल उचलत-ढकलत दीड किलोमीटर आली, काडीने माती काढली, आणि मग बिव्ही पसरून झोपली. भर दुपारी. रात्री वाऱ्याने वरचा थर सुकला तेव्हा निघाली. जवळपास आठ तास गेले. पण ते झोपेत गेले, आणि तिची सायकल शाबूत होती. हा निर्णय घ्यायला किती वेळ लागला असं मी नंतर विचारलं. म्हणाली, कार्डावर होतं, विचार करावा लागला नाही.

बेसिन तिने रात्री सुरू केलं आणि ऊन चढायच्या आत बराच भाग मागे टाकला. कोलोरॅडोतल्या इंडियाना पासवर, ३,६०० मीटरच्या वर, दम लागला पण गिअर पुरला. करंगळ्या बधिर झाल्याच, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पण चिमटीची ताकद गेली नाही; शेवटपर्यंत पाकिटं बोटांनीच फाडली. अँटिलोप वेल्सला ती २६व्या दिवशी पोचली, ठरवल्यापेक्षा दोन दिवस उशिरा. तळहाताची संवेदना पूर्ण परत यायला दीड महिना लागला.

परतल्यावर आम्ही पुन्हा फाइल उघडली. झोप वगळता दिवसाचे थांबे सरासरी साडेचार तास. पहिल्या टप्प्यात वस्तीतला थांबा चाळीस मिनिटांच्या आसपास राहिला होता. रॉलिन्सनंतर तो वाढत गेला आणि न्यू मेक्सिकोत दीड तासावर पोचला. उशिरातला बराच वेळ तिथेच गेला. कारण तिच्या नोंदींत स्पष्ट आहे: रॉलिन्सनंतर वस्तीत शिरल्यावर पहिलं काम फोन झालं होतं. घरच्यांचे निरोप, बाकीच्या रायडरचे ठिपके नकाशावर कुठे पोचले ते पाहणं, मग उत्तरं देणं, आणि तोवर खाणं मागवलेलंही नसायचं. पुढच्या वेळेसाठी कार्डावर बदल केला आहे. फोन चार्जरला लावायचा आणि उलटा ठेवायचा. खरेदीची यादी वस्तीच्या आधी पाच किलोमीटर मोठ्याने म्हणायची. निरोपांना उत्तर रात्री बिव्हीत, झोपायच्या आधी, एकदाच.